एकशे एकाहत्तरावं पान

‘दाराजवळचं बाक’ वाचायला घेतलं की एकशे बाराव्या पानावर भूक लागते, हे मिरजेत आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. शाळांनी सहवाचनाचा तास मुद्दाम डब्याच्या सुट्टीआधी ठेवला होता. ग्रंथालयाच्या फाटकाशी एका बाईंनी नाश्त्याची गाडी टाकली होती आणि ती झकास चालत होती. गंमत म्हणजे त्या पानावर खाण्याचा अक्षरानेही उल्लेख नव्हता. कादंबरीतली अन्विता तिथे परीक्षेच्या खोलीबाहेर फरशा मोजत बसलेली असते. छाती धडधडतेय, आत जायचं की घरी पळायचं ते ठरत नाही. आणि वाचणारं पोर मात्र नाक वर करून हुंगायला लागतं. कुणी म्हणे धिरडं, कुणी म्हणे ऑम्लेट. तव्यावरचं काहीतरी, एवढ्यावर एकमत होतं.

ऋतुजा मगदूमची पंधरा वर्षांची सावनीही एकदा अशीच पुस्तक उपडं टाकून स्वयंपाकघरात आली होती आणि रिकाम्या तव्यात डोकावून परत गेली होती. ऋतुजाने हा किस्सा दुसऱ्या दिवशी दुकानात निदान सात जणींना सांगितला. ती ब्लाउज शिवायची. हातातला टेप आणि तोंडाची टकळी, दोन्ही एकदमच चालू व्हायची. नवरा जहाजावर, वर्षातले दोन महिने घरी; मग बोलायचं कुणाशी? जे कुणी माप द्यायला हात वर करून उभं असेल त्याच्याशी. ते कुठे पळून जाणार?

मागच्या वर्षी शाळेच्या तोंडी परीक्षेत सावनीचा गळा एकाएकी बंद झाला. हात गार पडले, डोळ्यांसमोर अंधारी आली आणि ती वर्गातून धूम पळाली. तेव्हापासून रोज सकाळी पोटात कळ यायची. वर्गात ती दाराजवळच बसायची, म्हणजे पळता यावं. पण एक होतं, ती आईला सगळं सांगायची. मधल्या सुट्टीत दुकानात फोन करून रडायची, रात्री अंथरुणात शिरून विचारायची, ‘आई, मी वेडी होतेय का गं?’ आणि ऋतुजा ते सगळं गिऱ्हाइकांना सांगायची. वाईट हेतूने मुळीच नाही. बोललं की तिला हलकं वाटायचं, आणि कुणीतरी काही उपाय सुचवायचंच. सहवाचनाचं तिला असंच एकीने सुचवलं होतं.

तीन महिन्यांत सावनी खडखडीत बरी झाली. आणि आता ऋतुजा ग्रंथालयाच्या पहिल्या मजल्यावर, सहवाचन केंद्राच्या प्रमुख डॉ. झीनत मुजावर यांच्यासमोर तक्रार घेऊन बसली होती.

“काय तक्रार आहे?”

“मुलगी बरी झाली.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “ही तक्रार?”

“पुढचं ऐका की. आधी मला सांगा, हे पुस्तक नक्की करतं काय? शाळेतल्या बाईंनी सांगितलं तेव्हा मी नुसती मान डोलावली.”

डॉक्टरांना हा प्रश्न आवडला. त्यांनी कपाटातून एक प्रत काढून तिच्या हातात दिली. नेहमीचंच पुस्तक, फक्त पुठ्ठा किंचित मऊ.

“दोन माणसं जवळ असली की त्यांची शरीरं नकळत एकमेकांशी जुळवून घेतात. तान्हं बाळ आईच्या छातीवर झोपलं की त्याचा श्वास तिच्या श्वासाबरोबर चालायला लागतो. एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोकेही बरोबर पडायला लागतात. घाबरलेल्या मुलाला समजूत घालून फारसा उपयोग होत नाही, कारण भीती शब्दांच्या आधी शरीरात आलेली असते. त्याला हवं असतं आपल्यासारखंच घाबरलेलं आणि त्यातून पार झालेलं दुसरं शरीर. ते आम्ही पुस्तकात ठेवलं.”

“शरीर?”

“श्वास म्हणा. अशी प्रत पहिल्यांदा जो वाचतो त्याच्या अंगठ्यांखालचा घाम, नाडी, श्वासाची लय हे सगळं हा पुठ्ठा ओळीगणिक टिपून ठेवतो. त्याला आम्ही श्वासठसा म्हणतो. पुढचा वाचक त्याच ओळीवर आला की पुठ्ठा त्याच लयीत किंचित फुगतो, उबदार होतो. कळतही नाही, कुणीतरी मनगट धरून शेजारी बसलंय एवढंच वाटतं. गोष्टीतली अन्विता घाबरते, वाचक घाबरतो, शेजारचं माणूसही घाबरतं, आणि मग ते माणूस सावरतं. त्याच्याबरोबर वाचकही सावरतो. गोष्ट आम्हाला लागतेच, तिच्याशिवाय शरीर घाबरायला तयार होत नाही. बरं मात्र शेजारचं माणूस करतं.”

“हे शेजारचं माणूस कोण?”

“एक पंधरा वर्षांची मुलगी. चाळीस मुलांचे ठसे घेतले, त्यातला हिचा सर्वांत स्वच्छ निघाला. सगळ्या दोन लाख प्रतींत तिचाच ठसा आहे.”

“म्हणजे ती भूक तिची!” ऋतुजा हसली. मग तिचं हसू ओसरलं. तिने भराभर पानं उलटून एकशे एकाहत्तरावं पान काढलं. “आणि हे? सावनी वाचत असताना मी समोर हातशिलाई करत बसायचे. इथे आली की पोर श्वास धरायची. मी मोजलेत, अकरा सेकंद. मग एक लांब उसासा. ज्या दिवशी हे पान पहिल्यांदा वाचलं, त्या दिवसापासून ती बरी झाली.”

“बरोबर. आम्ही त्याला उतार म्हणतो. सगळ्या पुस्तकातली सर्वांत मोलाची जागा. तिथे नाडी खाली येते आणि पुन्हा कधी वर चढत नाही.”

“आणि त्याच दिवसापासून ती मला काही सांगत नाही,” ऋतुजा म्हणाली. “भांडण नाही, रुसवा नाही. हसते, जेवते, अभ्यास करते. विचारलं, काय गं, आज कसं गेलं? तर म्हणते, काही नाही, बरं आहे. परवा तिची मैत्रीण गाव सोडून गेली, ते मला चार दिवसांनी गिऱ्हाइकाकडून कळलं. डॉक्टर, शेजारपाजारच्या आया पण हेच म्हणतात. पण त्यांना वाटतं, वयच तसं आहे. मला सांगा, तुमच्या त्या मुलीला अकरा सेकंदांत काय झालं होतं?”

दहा वर्षं डॉ. मुजावरांनी त्या अकरा सेकंदांचे आलेख तपासले होते, त्यांवर तीन निबंध लिहिले होते. तिला विचारावं, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. तसं त्यांनी सरळ कबूल केलं. मोठ्या मनाच्या बाई होत्या.

गुरुवारी दोघी जयसिंगपूरला गेल्या. जिचा ठसा पुस्तकात होता ती आद्यवाचक गौरांगी आवटी, आता एकतीस वर्षांची, तिथे जनावरांची डॉक्टर होती. नुकतीच एका म्हशीची सुटका करून कोपरापर्यंत हात धूत होती. चेहऱ्यावर थकवा, पण मजेत दिसत होती. एकशे बाराव्या पानाचं ऐकल्यावर तिला हसू आवरेना.

“थालीपीठ! आईने थालीपीठ लावलं होतं. हाक मारली म्हणून मी उठले, दोन खाल्ली, परत येऊन वाचायला बसले. अहो, लाखो पोरांना माझ्या आईचं थालीपीठ हवंय? तिला सांगते, हवेत जाईल.”

“आणि एकशे एकाहत्तर?” ऋतुजाने विचारलं.

गौरांगीने पान पाहिलं. अन्विता परीक्षेच्या खोलीत परत जाते, बाक दारापासून ओढून खिडकीकडे नेते आणि बसते, एवढंच तिथे होतं. ती ते बोटाने चाचपत राहिली.

“हे पुस्तकामुळे नव्हतं,” ती म्हणाली. “आदल्या रात्री मी आईला सगळं सांगितलं होतं. घाबरून काय काय होतं, काय काय विचार येतात, सगळं. पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी मी हे पान वाचत होते आणि आई पलीकडच्या खोलीत मावशीला फोनवर ते सांगत होती. प्रेमानेच हो. काळजीने. मध्येच थोडं हसली पण. मी श्वास धरून ऐकलं आणि ठरवून टाकलं, आता कुणाला काही सांगायचं नाही. आणि खरं सांगू? इतकं शांत वाटलं! जे कुणाला दाखवायचंच नाही, त्याची भीती कसली?”

दुकानातल्या सात जणी ऋतुजाच्या डोळ्यांसमोर ओळीने हात वर करून उभ्या राहिल्या.

“मग तुम्ही अजूनही...?” डॉ. मुजावरांनी विचारलं.

“छे! मी सत्तावीस वर्षांची असताना आई आजारी पडली. तिच्या उशाशी बसून एकदाचं सगळं बोलले, भांडले, रडले. तिने माफी मागितली. आता आम्ही रोज तासभर फोनवर असतो.” गौरांगीने पुस्तक मिटून परत दिलं. “मी ते मागे घेतलं. पण बारा वर्षं लागली. यात ते नसेल ना?”

यात ते नव्हतं. पुस्तकातली गौरांगी पंधराचीच होती, आणि रोज हजारो मुलांचं मनगट धरून ती तोच निश्चय नव्याने करत होती.

परतताना डॉक्टर गाडी चालवत होत्या. “ते अकरा सेकंद काढून टाकता येतील,” त्या म्हणाल्या. “एकदा छपाईच्या चुकीने तीनशे प्रतींत ते उमटलेच नव्हते. ती मुलं पंधरा दिवस बरी होती, मग पुन्हा दाराजवळ जाऊन बसली.”

“मग दुसऱ्या कुणाचा ठसा घ्या.”

“त्यासाठी एक भयंकर घाबरलेलं मूल लागेल. त्याला कोरी प्रत द्यायची, शेजारी कुणी नाही. एकट्याने घाबरत शेवटपर्यंत वाचायचं, आणि आपण बाहेर बसून ते सावरायची वाट बघायची. कुणाचं मूल बसवू? आणि ते कशाने सावरेल, हे मला कुठे आधी कळणार आहे?” मग त्यांनी विचारलं, “तुम्ही सांगा. सावनी कशी हवी? रडून सगळं सांगणारी, की गप्प आणि सुखी?”

ऋतुजाला सावनीचे ते गार हात आठवत होते. ते दिवस परत यावेत असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

“मला एक प्रत द्या,” शेवटी ती म्हणाली. “पोरीबरोबर काय झालं ते मला कळू दे. मग मी तिच्याशी बोलेन. आपलं चुकलं म्हणून सांगेन. पुस्तकाने दार लावलं असेल, तर मी बाहेरून ठोठावते. मला तर काही होणार नाही ना?”

“नाही. ठसा जाणवतो सगळ्यांना, पण धरतो फक्त घाबरलेल्यालाच. तुम्हाला कसली भीती?”

“मला कसली?” ऋतुजा म्हणाली.

रविवारी दुपारी ती खिडकीत पाय वर घेऊन वाचायला बसली. सावनी शेजारच्या खोलीत गुणगुणत कपाट आवरत होती. पुस्तक छान होतं. अन्विताचं काळीज धडधडलं तिथे ऋतुजाचंही धडधडलं, आणि अंगठ्यांखाली कुणीतरी हलकेच श्वास घेतंय असं तिला वाटलं. गौरांगीची ओळख झाली होती, त्यामुळे तिला परकं वाटेना. एकशे बाराव्या पानावर सणकून भूक लागली, तेव्हा ती मोठ्याने हसली आणि तिने खरोखरच थालीपिठं लावली. मायलेकी जमिनीवर बसून लोण्याबरोबर चार-चार खाऊन उठल्या. किती दिवसांनी घर असं भरल्यासारखं वाटत होतं.

पुन्हा वाचायला बसताना तिने सावनीला सांगितलं, “एवढी पन्नास-साठ पानं होऊ देत. मग मला तुझ्याशी बोलायचंय. खूप बोलायचंय.”

“बरं,” सावनी म्हणाली.

शब्द तिने घोकूनच ठेवले होते. तुझं दुखणं मी दुकानात वाटत फिरले गं. माझं चुकलं. पुन्हा नाही तसं करणार, पण तू मला सांगत जा. तू सांगितलं नाहीस तर मी कुणाची आई? पानं संपत आली तसतशी तिच्या पोटात कळ येऊ लागली. सावनी ‘बरं आहे’ म्हणाली तर? कायमची तशीच राहिली तर? इतकी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

एकशे एकाहत्तरावं पान आलं. अन्विताने बाक खिडकीकडे ओढलं. ऋतुजाच्या अंगठ्यांखालचा श्वास थांबला, आणि तिचाही. एक, दोन, तीन... अकरा. मग छातीतून एक लांब उसासा बाहेर पडला. पोटातली कळ गेली. खांदे सैल झाले. खिडकीबाहेर ऊन तिरपं होऊन पारिजातकावर पडलं होतं, ते किती सुंदर आहे हे तिला पहिल्यांदाच दिसलं.

सावनी दारात येऊन उभी होती. भांडी विसळता विसळता आलेली, ओल्या हातांनी, आईच्या तोंडाकडे बघत.

“झालं का गं वाचून? काय बोलायचं होतं?”

ऋतुजाने तिच्याकडे पाहिलं. मुलगी गुणाची होती, निरोगी होती, समोर होती.

“काही नाही,” ती म्हणाली. “बरं आहे.”

सावनीने मान डोलावली, जमिनीवर राहिलेली रिकामी ताटली उचलली आणि गुणगुणत आत गेली.

सोमवारी दुकानात माप देताना एका गिऱ्हाइकाने हात वर करून विचारलं, “काय म्हणतेय सावनी?” आणि तोंडाची टकळी सुरू होईल म्हणून ती वाट बघत राहिली. ऋतुजाने टेप फिरवला, आकडा वहीत लिहिला आणि गोड हसली. त्या दिवशी तिचे चार ब्लाउज जास्त शिवून झाले.