त्सुमागोतलं चुकीचं घर

आता तुम्हीच सांगा, दारावर निळा पडदा, काळंभोर लाकूड, आतून येणारा मंद धूर... कुणालाही वाटेल ना, की हे गावातलं संग्रहालय आहे म्हणून? चिगुसालाही तेच वाटलं. तिनं सरकतं दार ढकललं, बूट काढले, टोकं दाराकडे करून नीट जोडून ठेवले आणि गेली की सरळ आत!

आत जमिनीतल्या चौकोनी चुलीपाशी एक तरुण मांडी घालून बसला होता. अंगात जाड निळा अंगरखा, नाकावर तिरपा चष्मा, आणि निखाऱ्यांवर काठीला लावलेले भाताचे गोळे. त्यांच्यावरची अक्रोडाची चटणी नुकती खरपूस व्हायला लागलेली. चिगुसाला पाहून त्याचा हात हवेतच थांबला.

"तिकीट कुठं काढायचं?" तिनं विचारलं.

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "आज तिकीट नाहीये... बसा."

चिगुसा नागोयातल्या एका चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांना विचारायची, हे स्पष्ट दिसतंय की ते? पण स्वतःला काय हवंय ते सांगायची वेळ आली, की हिच्या तोंडाला कुलूप. दुकानातला एकजण तिला दोन वर्षं आवडत होता. त्याची दूर उत्तरेला बदली झाली, आणि निरोप देताना ही बाई काय म्हणाली, तर 'काळजी घ्या'. बस, एवढंच. तेव्हापासून तिला स्वतःचा इतका राग यायचा, की सुट्टीच्या दिवशी घरी बसवत नसे. म्हणून आज ती एकटीच सकाळच्या गाडीनं किसोच्या डोंगरातल्या त्सुमागोला, जुनी घरं जशीच्या तशी जपलेल्या या गावात आली होती.

तर हा तरुण, शुहेई नाव त्याचं, तिला घर दाखवायला लागला. अगदी गंभीर चेहऱ्यानं हं! या खांबाला टेकून म्हणे एक सरदार झोपायचा आणि फार घोरायचा. ही पळी साडेतीनशे वर्षांपूर्वीची. चिगुसानं पळी उलटी करून पाहिली.

"सरदारांच्या काळात किमतीचं लेबल असायचं?"

"फार पुढारलेले होते आमचे सरदार," तो म्हणाला. पण कान मात्र लाल झाले.

तेवढ्यात कोबीचे दोन गड्डे घेऊन त्याची आई आली. तिनं दारातले बूट पाहिले, चिगुसाला पाहिलं आणि सुस्कारा टाकला. महिन्यातून एक तरी पाहुणा आमचं घर संग्रहालय समजून असा आत शिरतोच, ती म्हणाली. चिगुसाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं चटईला कपाळ टेकून दहादा माफी मागितली.

"ऊठ गं पोरी, चहा घे," आई म्हणाली. "गेल्या खेपेला एक म्हातारं जोडपं आलं होतं, तर यानं नुसतं बोटानं दार दाखवलं. आज बरी वाचा फुटलीय."

"आई..."

"मी कुठं काय बोलले?" म्हणत ती कोबी घेऊन मागच्या दारी गेली. गेली ती परत आलीच नाही. हुशार बाई!

मग चहा झाला, भाताचे गोळे झाले. बोलता बोलता चिगुसाला राहवेना. दुकानातली सवय हो! तिनं हात पुढं केला आणि त्याचा चष्मा सरळ केला. बोटं कानाला लागली... दोघंही चुलीकडे बघायला लागले.

मग तो खरं खरं सांगायला लागला. तो सुतार. गावातली जुनी घरं हाच दुरुस्त करतो. गावाचा नियम म्हणजे नियम. घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. रोज चूल पेटवायची, नाहीतर लाकडाला कीड लागते. कपडे पुढच्या बाजूला वाळत घालायचे नाहीत. त्याच्याशी लग्न ठरत आलेली एकजण होती. पहिल्यांदा आली तेव्हा घर बघून वेडी झाली होती. हिवाळ्यात चार दिवस राहिली, आणि विचारलं, घर की मी?

"लोकांना घर आवडतं," निखारे सारखे करत तो म्हणाला. "घराबरोबर मी येतो, हे नंतर कळतं."

चिगुसाला काहीतरी म्हणायचं होतं. खूप काही. आणि बघता बघता शेवटच्या बसची वेळ झाली.

तो बसथांब्यापर्यंत सोडायला आला. दुकानांच्या फळ्या लागत होत्या, वळचणीला सोललेली पर्सिमनची फळं वाळत टांगलेली, आणि थंडी अशी की श्वासाची वाफ व्हावी. वळणावर बसचे दिवे दिसले, तेव्हा कुठं त्यानं विचारलं, "घर... आवडलं का?"

"फार छान..." तिच्या तोंडून सवयीनं निघालं, आणि ती थांबली. नाही. आज नाही.

"नाही आवडलं," ती म्हणाली. "पाय गोठले माझे. डोळे अजून चुरचुरतायत. केसांना धुराचा वास येतोय."

त्यानं मान हलवली. हे ऐकायची त्याला सवय असल्यासारखी. बस येऊन थांबली, दार उघडलं.

"मग तीन तास का बसलात?" त्यानं हळूच विचारलं.

"तुम्ही बोलत होतात म्हणून."

शुहेई असा उभा, की जणू कुणी खिळे ठोकलेत.

"ताई, येताय ना?" ड्रायव्हरनं विचारलं.

"येते," म्हणत चिगुसा पायरीवर चढली. ती वळली आणि म्हणाली, "मला गुरुवारी सुट्टी असते."

दार मिटायला लागलं, तेव्हा कुठं त्याला आवाज सापडला.

"जाड मोजे आणा," तो म्हणाला. "दोन जोड."