पुलाच्या कंपनांची फाईल

“मॅडम, माझी फाईल गेली!”

विभागप्रमुख मॅडमनी चष्मा वर सरकवला. दारात त्यांची संशोधक विद्यार्थिनी उभी होती, चेहरा पांढराफटक. पुलाच्या कंपनांची महिनाभराची मोजमापं तिनं एकाच फाईलमध्ये दाबून बांधली होती. तिचा लॅपटॉप बंद पडल्यावर प्रयोगशाळेतल्या सामाईक लिनक्स यंत्रावर तेवढी एकच प्रत उरली होती. सोमवारी प्रबंध द्यायचा होता.

मॅडम तडक प्रयोगशाळेत गेल्या. यंत्रासमोर तिचा सीनियर ऐसपैस बसला होता. त्याच्या फोल्डरमध्ये हुबेहूब तीच मोजमापं सुट्या फायलींत पडली होती.

“ही माझी,” तो म्हणाला. “तारखा बघा, मार्चच्या आहेत. चोर कोण, ते तुम्हीच ठरवा.”

“दादा, काहीही काय बोलतोस! पुलावर उन्हात मी उभी होते!”

“कांगावा पुरे. एक फाईल धड सांभाळता येत नाही. तुम्हा नव्यांना फाईल उघडायचीसुद्धा एका फटक्यात असते. आम्ही बघ, आधी गनझिपनं दाब काढतो, मग टारनं गाठोडं सोडतो. शिस्तीत.”

मॅडमनी खुर्ची ओढली.

“तिच्या फाईलला हात लावलास?”

“छे!”

“मग या फायली इथं कधी आल्या?”

“येतील कुठून? मार्चमध्ये इथंच तयार केल्या.”

“नंतर हलवल्यास? नाव, परवानगी, काही बदललंस?”

“बोटसुद्धा लावलं नाही.”

“बरं.”

मॅडमनी एक ओळ टाइप केली आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

“टारमधून फाईल सोडवली की ती आपली जुनी तारीख घेऊनच बाहेर येते. तुझी सगळी भिस्त त्यावर. पण लिनक्स आणखी एक वेळ ठेवतं, फाईलच्या नोंदीत शेवटचा बदल कधी झाला त्याची. ती टारला मागे नेता येत नाही. बघ, सगळीकडे कालची संध्याकाळ.”

“कुणीतरी मुद्दाम टाकल्या असतील माझ्याकडे!”

“मग मार्चमध्ये इथंच तयार केल्या, असं कोण म्हणालं? आणि हिची फाईल नाहीशी का झाली, तेही तूच सांगितलंस. थेट टारनं उघडली असतीस, तर मूळ फाईल जागच्या जागी राहिली असती आणि हिला पत्ताही लागला नसता. पण तुझं ते गनझिप फाईल मोकळी करतं आणि दाबलेली मूळ प्रत काढून टाकतं. मागे उरलेली टारची फाईल घाबरून तू पुसलीस. तुझी शिस्त तुला नडली.”

सीनियरनं मान खाली घातली. “माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, मॅडम.”

“ते समितीपुढे सांग. ऊठ तिथून.”

विद्यार्थिनी त्या खुर्चीवर बसली. खुर्ची अजून गरम होती.

“मॅडम, एका फटक्यात बांधू?”

“बांध. आणि या वेळी तीन ठिकाणी ठेव.”