कपावर झाकलेली पॅलेट

“मॅडम, एखादा मुलगा आवडला, तर ते कसं कळतं?”

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी माझ्याशी लावली होती, आणि पैजेच्या बाबतीत मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. अडचण एवढीच, की मॅडम म्हणजे माझी सख्खी ताई. ती समुपदेशनाचं एमए करते आणि प्रॅक्टिकलसाठी तिला नेमकी आमचीच शाळा मिळाली. घरी ‘अगं’, शाळेत ‘मॅडम’.

ताईने डोळे चोळले. “म्हणजे तुला असं वाटतंय, की तुला कोणीतरी आवडतंय.”

झालं. त्यांना हेच शिकवतात. समोरच्याचं बोलणं त्यालाच अलगद परत द्यायचं, मध्ये आपलं काही घुसडायचं नाही. दिवसभर पोरांची रडगाणी अशी परत करून करून ताईची जीभ तशीच वळली होती. आईने विचारलं, “भाजी खारट झालीये का गं?” तर ही म्हणे, “म्हणजे तुला असं वाटतंय, की ती खारट झालीये.” बाबा तिला ‘घरातला आरसा’ म्हणायचे.

पडद्यापलीकडून कोणीतरी हसलं. ताईला स्वतंत्र खोली नव्हती, चित्रकलेच्या वर्गातच पडदा लावून तिची खुर्ची ठेवली होती. चित्रकलेचे सर ब्रश धूत होते.

“मला विचार की,” ते म्हणाले. “मला कळलंय.”

“कसं कळतं, सर?”

“चहा आणायला गेलं, की हातात आपोआप दोन कप येतात.”

ताईने मान खाली घातली... पण कान लाल झालेच.

सर बदली शिक्षक म्हणून आले होते, सत्र संपेपर्यंत. ताईकडे माझ्याखेरीज कोणी मूल आलं, की ते बोलणं कानावर पडू नये म्हणून आपले रंग उचलून जिन्यात जाऊन बसायचे. जाताना तिच्यासाठी आणलेल्या चहावर रंगांची पॅलेट झाकायचे. ताईला तो चहा गरम कधीच मिळाला नाही, पण पॅलेट उचलताना ती किंचित हसायची. दिवसभरात तेवढंच.

घरी मात्र वेगळंच शिजत होतं. बाबांच्या मित्राचा मुलगा रविवारी ताईला बघायला येणार होता. आईने दोनदा विचारलं, “येऊ देत ना गं त्यांना?” आणि ताई, डोळे मिटत मिटत, “म्हणजे तुला असं वाटतंय, की त्यांनी यावं.” आईला तो होकार वाटला.

सत्राच्या शेवटच्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरांना रंगाच्या वाट्या धुवायला मदत करत होते. पडद्याआडून एक मुलगा नाक पुसत बाहेर आला आणि घरी गेला. मागून ताई आली, पार गळून गेलेली. सरांनी पॅलेट उचलून कप तिच्या हातात दिला.

“उद्यापासून मी नाही,” ते म्हणाले. “म्हणून सांगून टाकतो. मला... तुम्ही आवडता.”

ताईने कप दोन्ही हातांनी धरला. मग हळू, प्रेमळ, अगदी शिकवल्यासारख्या आवाजात म्हणाली, “म्हणजे तुम्हाला असं वाटतंय, की मी तुम्हाला आवडते.”

माझ्या हातातली वाटी बेसिनमध्ये पडली.

“हो,” सर म्हणाले. “मला असंच वाटतंय.” त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि गेले.

“ताई, अगं काय बोललीस हे?”

“गेलं तोंडातून.” ती मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसली. “मला आता माझं वाक्यच येत नाही गं. सगळ्यांचं येतं...”

“मग पोरांना काय सांगतेस? वाक्य ‘मी’पासून सुरू करा. कर की सुरू. ऊठ.”

ती उठली. कप हातात तसाच. जिन्यावर अर्धा चहा सांडला, उरलेला फाटकापाशी. मी मागे होतेच, मला कोणी बोलावलं नव्हतं तरी.

“मी...” ताई धापा टाकत म्हणाली. सर थांबले. “मी दमलेय. खूप. आणि मी... रोज त्या थंड चहाची वाट बघते.”

सर मान तिरकी करून म्हणाले, “म्हणजे तुम्हाला असं वाटतंय, की—”

“गप्प बसा हो,” ताई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली. सरांनी रिकामा कप तिच्या हातातून काढून घेतला... तिची बोटं मात्र राहिली तिथेच. मी शहाण्यासारखी फाटकावरच्या गंजाकडे बघत बसले.

घरी आई रविवारसाठी पडदे बदलत होती, बाबा स्टूल धरून उभे.

“मी रविवारी त्या मुलाला भेटणार नाही,” ताई दारातूनच म्हणाली. चपलाही काढल्या नव्हत्या. “मी होकार दिलाच नव्हता. मला आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर आवडतात. माझं एमए झालं, की मी त्यांच्याशी लग्न करणार आहे.”

आई पडद्यासकट स्टुलावर थिजली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“म्हणजे तुला असं वाटतंय,” ते जपून म्हणाले, “की—”

“वाटत नाही, बाबा,” ताई म्हणाली. “मी ठरवलंय.”