डावा कान

तिलेगेनच्या टेबलावर तीन वस्तू कायम असत: तासलेली पेन्सिल, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा. लारिसा पेत्रोव्हनाच्या दुकानात पाचशे तेंगेचे इयरफोन मिळत नसत आणि पाच लाखांचेही नाहीत. ज्याला महिन्याचा पगार मिळतो पण पुरत नाही, अशा माणसाच्या कानांसाठी ते दुकान होतं. काचेच्या कपाटात प्रत्येक नगाखाली तिलेगेननं हातानं लिहिलेलं चार ओळींचं कार्ड असे. दोन ओळी आवाजाबद्दल, दोन कानाला होणाऱ्या सुखदुःखाबद्दल. आल्माटीतली कॉलेजची मुलं ती कार्डं वाचूनच खिशात हात घालत, कारण तिलेगेन खोटं लिहीत नाही अशी त्याची ख्याती होती. खरं म्हणजे खोटं लिहायलाही थोडी हिंमत लागते, आणि ती त्याच्यापाशी नव्हती.

त्याची पद्धत ठरलेली होती. पहिल्या दिवशी बंद खोलीत बसून ऐकायचं. दुसऱ्या दिवशी कानात घालून तीन तास चालायचं. तिसऱ्या दिवशी घालूनच चहा प्यायचा, बौरसाक, म्हणजे तळलेले कणकेचे गोळे, चावायचे, मुद्दाम जांभया द्यायच्या. जबडा हलला की कानाच्या आतला बोगदा आकार बदलतो आणि भल्याभल्या इयरफोनची बोंडं तिथं सटकतात. तिन्ही दिवस ऐकायचं मात्र एकच: आठ मिनिटं बारा सेकंदांचं, दोंब्रा या दोनतारी वाद्याचं वादन.

ते त्याच्या वडिलांनी ध्वनिमुद्रित केलेलं होतं. सेइदाली रेडिओवर ध्वनिमुद्रक होते. हे वादन टिपल्यावर आठवड्याभरानं ते गाणाऱ्या वाळूच्या टेकडीकडे गेले. कोरडा वारा सुटला की ती टेकडी घुमते, डोंगराआड विमान चालल्यासारखी. तो आवाज त्यांना टेपवर हवा होता. तिसऱ्या दिवशी लोकांना त्यांची जीप सापडली. सीटवर घडी घातलेला कोट होता, फडक्यात बांधलेली भाकरी होती. माणूस नव्हता, टेपरेकॉर्डर नव्हता. तिलेगेन तेव्हा सतरा वर्षांचा होता. आता त्रेचाळीस.

सव्वीस वर्षांत कुठल्याही मेजवानीत त्यानं मेंढ्याचं मुंडकं हातात धरलं नव्हतं. मानाचं ताट त्याच्यापुढे आलं की तो ते मान खाली घालून पुढे सरकवी. ज्याचा बाप जिवंत आहे त्यानं मुंडक्याला सुरी लावायची नसते. सुरुवातीला लोक हे पाहून डोळे पुसत. पुढे पुढे नजर चुकवायला लागले. हल्ली कुणीतरी हसतही असे.

सोमवारी दुपारी मारदेन काका घरी आले. सेइदालींचे धाकटे भाऊ. सोबत त्यांची सहा वर्षांची नात तोगजान होती. लहानपणीच्या तापात तिचा डावा कान गेला होता, म्हणून ती नेहमी भिंतीला डावी बाजू लावून बसे आणि उजवा कान माणसांकडे ठेवी.

"शनिवारी माझ्याकडे," काका चहाची वाटी फिरवत म्हणाले. "मुल्लांना सांगितलंय. मेंढा बांधलाय. पन्नासेक माणसं होतील. भावाच्या नावानं एकदाची प्रार्थना होऊ दे. मुंडकं तू धरायचंस."

तिलेगेन वाटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"अरे, बोल की! तुझं असं, की घराला आग लागली तरी तू आधी खोकून घेशील. डॉक्टरनं माझ्या छातीचा फोटो काढलाय, माहीत आहे ना? भावासाठी प्रार्थनेला हात न उचलता मी जायचं का?"

"पण काका, ते जर कुठं असतील तर..."

"सव्वीस वर्षं? कुठं? वाळूत?" काकांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "वहिनी, तुम्ही सांगा याला."

तिलेगेनच्या आईनं, बाल्जाननं, रिकाम्या जागेसमोरची वाटी उचलली. ती जागा कधी कुणी घेत नसे, पण वाटी रोज भरली जाई. तिनं गार चहा ओतून टाकला, गरम ओतला आणि म्हणाली, "बाप त्याचा आहे. त्यालाच ठरवू दे. मी त्याच्या हाताकडे बघेन."

मंगळवारी दुकानात नवा माल आला. काळपट राखाडी रंगाची छोटी बोंडं, पातळ वायर, किंमत बत्तीस हजार तेंगे.

"शुक्रवारपर्यंत कार्ड हवं," लारिसा पेत्रोव्हना म्हणाली. ती आल्माटीतलीच कोरियन बाई होती. जीभ तिच्या लोणच्यासारखी तिखट. "आणि या वेळी 'बरे आहेत' असं लिहू नकोस. 'बरे आहेत' वाचून कोण पैसे काढील? लग्नाच्या मुलीही तू अशाच तीन तीन दिवस ऐकून परत पाठवल्यास म्हणे."

"त्यांनीच मला परत पाठवलं, लारिसा पेत्रोव्हना."

"बरोबरच आहे. कान सोन्याचे, तोंडाला कुलूप."

त्यानं मागची खोली बंद केली, रबरी टोप्या पुसल्या आणि बोंडं कानात बसवली. दोंब्रा वाजू लागला. वरचे सूर स्वच्छ होते, तारेवर नख घासल्याचा आवाजही कळत होता. खर्ज मात्र किंचित फुगलेला वाटला. त्यानं पेन्सिलीनं तसं लिहिलं. पाचव्या मिनिटाला त्याच्या लक्षात आलं की हा खर्ज दोंब्राचा नाही. वादक थांबला की दोंब्राचा खर्ज थांबे. हा थांबत नव्हता. खूप दूर, सलग, कोरडा. आणि फक्त डावीकडून.

तिलेगेन पद्धतशीर माणूस होता. त्यानं टोप्या बदलल्या. वायर बदलली. डावं बोंड उजव्या कानात आणि उजवं डाव्यात घातलं. घूं घूं डाव्याच कानात राहिली. मग त्यानं कपाटातले दुसरे सात नग लावून पाहिले. एकातही ती नव्हती.

लारिसानं ऐकून पाहिलं. "दोंब्रा आहे," ती म्हणाली. "तुझा तोच. मला आता तो झोपेतही म्हणता येईल. दुसरं काय असायला हवं होतं?"

"काही नाही."

तिनं त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "जेवलास का?"

बुधवारी तो चालायला निघाला. रस्त्याच्या कडेनं पाटाचं पाणी डोंगरावरून खाली धावत होतं, ओकच्या पानांतून ऊन ठिबकत होतं. चढावर श्वास लागला, पण बोंडं हलली नाहीत. कानाला भार नाही, टोचणं नाही, घाम नाही. अर्ध्या तासानं ती आहेत हेच तो विसरला. ट्रॉलीबस गेल्या, त्यांचा आवाज काचेपलीकडून आल्यासारखा आला. शहर कुणीतरी दुसऱ्यानं पाहिलेल्या स्वप्नासारखं बाजूनं सरकत होतं.

आठ मिनिटं बारा सेकंद झाली. वादन संपलं. तिथं टेप तुटते, हे त्याला पाठ होतं.

टेप तुटली नाही.

शांतता होती, पण ती मोकळ्या जागेची शांतता होती, वरती आभाळ असलेली. खाली घूं घूं चालूच होती, आणि आता ती त्यानं ओळखली. नऊ वर्षांचा असताना वडिलांचा हात धरून तो त्या टेकडीवरून घसरत खाली आला होता. तेव्हा तो आवाज त्याच्या मांड्यांतून वर चढला होता. तसाच तो आता चढत होता.

मग पावलं. वाळूत रुतणारी, उपसून निघणारी, सावकाश. दहा-बारा पावलं, मग थांबणं, मग दम टाकणं. पुन्हा पावलं.

तिलेगेन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. "अहो काका, चालायचं विसरलात का?" एक तरुण ओरडला. तिलेगेन बाजूला झाला. त्यानं बोंडं काढली. रबरी टोपीच्या कडेला बारीक पिवळसर कण चिकटले होते. रस्त्यावरची धूळ असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि स्पिरिटच्या कापसानं पुसून टाकलं. कापूस मात्र फेकवला नाही.

गुरुवारी सकाळी तो घरीच चहा-बौरसाकची परीक्षा घेत बसला होता. पावलं आज जवळ आली होती. दम टाकताना घशात होणारी खरखरही कळत होती. त्याचा जबडा चावता चावता थांबला.

"काय ऐकतोस?" आईनं विचारलं.

"काही नाही, आपा. दुकानाचं काम."

"दे."

त्यानं वायर तिच्या हातात दिली. बाल्जाननं डावं बोंड कानात घातलं आणि वरून तळहात धरला, थंडीत कानावर धरतात तसा. दोंब्रा संपेपर्यंत ती हलली नाही. संपल्यावरही नाही. खिडकीत चिमणी येऊन गेली.

"आज दमलाय तो," ती म्हणाली.

तिलेगेनच्या हातातला बौरसाक बशीत पडला. "आपा, आज म्हणजे?"

"पूर्वी भरभर चालायचा. वाट्या धुताना ऐकू यायचा मला. नळ बंद केला की जास्त." तिनं बोंड काढून पदरासारख्या ओढलेल्या शालीला पुसलं आणि परत दिलं. "तुला आत्ता ऐकू आला होय? मला वाटलं, तू ऐकतोस म्हणूनच मुंडकं धरत नाहीस."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? आपण दार लावलं नाही, म्हणून तो चालतोय." तिनं बशी त्याच्यापुढे सरकवली. "तिलेगेन, माझ्या राजा, तुझी इडापिडा मला लागो. किती चालवायचं रे त्याला?"

त्या दिवशी दुपारी त्यानं ठरवलं. शनिवारी तो मुंडक्याला सुरी लावणार. बाप जिवंत असेल तर ते पाप होतं, हे त्याला कळत होतं. पण जिवंत माणूस सव्वीस वर्षं वाळूत चालत नाही. आणि मेलेला चालत असेल, तर त्याला बसायला सांगणारं कुणीतरी हवं. एवढं त्यानं मनाशी मांडलं, आणि नेहमीसारखं त्याला त्यातही काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं.

शुक्रवारी त्यानं कार्ड लिहिलं. 'वरचे सूर स्वच्छ. खर्ज खोल, काहींना जास्त वाटेल. कानाला सुखकर. घातल्याचं आठवत नाही.' लारिसानं वाचलं, "शाबास, पहिल्यांदा माणसासारखं लिहिलंस," म्हणाली, आणि बोंडं त्याच्या देखत काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली तिनं गळ्यात घातली.

शनिवारी काकांच्या अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली सतरंज्या पसरल्या होत्या. मुल्लांनी प्रार्थना म्हटली. पन्नास जोडी तळहात चेहऱ्यांवरून खाली आले. मारदेन काका खोकले, मग रडले, मग रडल्याबद्दल स्वतःवरच चिडले. "वाढा रे!" ते ओरडले. "माणसं उपाशी बसलीयत!"

ताट आलं. मुंडक्याचं तोंड तिलेगेनकडे केलेलं होतं. वाफ त्याच्या चष्म्यावर बसली. बोलणी एकेक करत थांबली. समोर बायकांच्या रांगेत आई बसली होती आणि ती त्याच्या हाताकडे बघत होती. तिच्याशेजारी तोगजान, डावी बाजू भिंतीला लावून.

"घे," काका हळू म्हणाले. "बिस्मिल्ला म्हण आणि घे."

त्यानं सुरी उचलली. मुंडक्याच्या गालाजवळ टेकवली.

डाव्या कानात पाऊल वाजलं.

अगदी जवळ. अंगणात वाळू नव्हती, पण पाऊल वाळूतलंच होतं. दुसरं वाजलं. दम टाकल्याचा आवाज आला, खरखरीसकट. मग पावलं थांबली. माणूस पोचला की थांबतात तशी.

इयरफोन काढायचे राहिले वाटतं, असं त्याच्या मनात आलं. घातल्याचं आठवतच नाही. त्यानं डावा हात कानाकडे नेला.

कानात काही नव्हतं.

ठक, ठक. माइकवर नखानं दोनदा वाजवलं कुणीतरी. कुठलंही ध्वनिमुद्रण सुरू करताना सेइदाली तसं वाजवत, आणि मग वादकाला एकच प्रश्न विचारत. दमलेल्या, आनंदी आवाजात तो प्रश्न सुरू झाला.

"ऐकू येतं..."

उजवा हात आधीच चालला होता. सुरी गालात उतरली.

आवाज तुटला. आठ मिनिटं बारा सेकंदांनंतर टेप तुटायची, तसा.

तिलेगेनच्या डाव्या कानात आता काहीच नव्हतं. घूं घूं नव्हती, झाडाची सळसळ नव्हती, काकांचं हुंदका देणंही फक्त उजवीकडून येत होतं. समोर बाल्जाननं तळहात कानाशी नेला आणि तो तिथंच धरून ती बसून राहिली, नळ बंद करून ऐकावं तशी.

"मांस पुढे पाठव," काका नाक पुसत म्हणाले. "आणि कान काढ. तोगजानला दे. घरात सगळ्यांत लहान तीच. कान खाल्ला की पोर कानानं तिखट होतं."

त्याची सुरी आपोआप फिरली. हाती आला तो डावा कान होता. तो त्यानं बशीत ठेवला, बशी हातोहात पलीकडे गेली. तोगजाननं दोन्ही हातांनी कान धरला आणि शहाण्या मुलीसारखी चावून चावून खाऊ लागली. लोक पुन्हा बोलू लागले. कुणीतरी मीठ मागितलं.

दातांखाली काहीतरी करकरलं तशी ती थांबली. बोटानं तिनं जिभेवरचा कण काढला, पाहिला आणि फ्रॉकला पुसला.

मग ती भिंतीपासून सरकली. उजवा कान तिनं माणसांकडून वळवला, आणि डावा, गेलेला कान, अंगणाच्या उघड्या दाराकडे केला. दारात कुणी नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "ऐकू येतंय ना."