डबक्यातला छाप

"चहालासुद्धा घासलेटाचा वास!" छापखान्यातल्या अक्षरांच्या खिळ्यांच्या खणांआड मामी पुटपुटली.

तेवढ्यात भिंगरी धापा टाकत आत घुसली. "मामा! खडकातल्या डबक्यात अजून खेकडे मेलेत! आपला एकनांग्या खेकडा तेवढा हलतोय! आणि पाण्यावर निळा तवंग आलाय!"

"बोटींचं तेल असणार," मामा मान वर न करता म्हणाला. जुन्या सागरकथेतला देवमासा त्याने लाकडावर कोरला होता आणि खाली खिळे जुळवले होते: ‘समुद्र वाचवा!’ उद्या या छापांचं प्रदर्शन! त्या आनंदात घर नुसतं हवेत तरंगत होतं. खेकड्यांचं कोण ऐकणार?

"बोटी इकडे फिरकतच नाहीत!" बाहेर पडल्यावर भिंगरीचा दादा म्हणाला.

"मग तवंग काय पोहत आला?" मामेभाऊ ढब्बू खिदळला.

डबक्याशी वाकताना भिंगरीच्या हातातला छापखान्यातला कोरा कागद निसटून पाण्यावर पडला. तिने तो अलगद उचलला, तर त्यावर निळ्या रेषांची जाळी!

"आईशप्पथ! समुद्राने छाप काढला!"

दादाने वर बोट दाखवलं. खडकातून एक नळी थेट डबक्यात उतरत होती. ती येत होती छापखान्याच्या मोरीतून! ढब्बूचं हसू पळालं. "ए, बाबांना कोण सांगणार? मी नाही हं!"

"मीही नाही," दादा म्हणाला.

"कुणीच नाही सांगायचं!" भिंगरीचे डोळे चमकले. "टांगलेला छाप बघून मामा गप्प बसलाय कधी?"

त्यांनी तो कागद गुपचूप दोरीवर वाळत टाकलेल्या देवमाशांच्या छापांमध्ये अडकवला आणि बाजूला उभे राहिले. मामा आला. हातात शाईचे रूळ धुतलेल्या घासलेटाचा डबा, पाय मोरीकडे. पण दोरीपाशी थबकलाच!

"वा! शाबास रे पोरांनो! काय रेषा सुटल्यात! आणि हा निळा तर माझाच! असा दुसऱ्या कुणाला जमायचा नाही! कुठल्या यंत्रावर काढलात?"

"यंत्रावर नाही, मामा," भिंगरी म्हणाली. "एकनांग्याच्या डबक्यात."

मामी एकदम खणातले खिळे नीट लावायला लागली. ढब्बू आपल्या पायाच्या बोटांकडे बघत राहिला. मामाने डबा खाली ठेवला, त्याचं झाकण शोधलं आणि घट्ट दाबून बसवलं. मग त्याने भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"बोटींचं तेल कसलं, पोरी! रोज संध्याकाळी मीच ओततो ते."