तिसऱ्या पॅनलवर कावळा बसत नाही

"रेवाऽऽ, पाणी आण गं वर!"

गच्चीवरून आलेली कमलिनी आत्याची ही हाक. रेवा तेव्हा सहा वर्षांची होती. आत्याचा चेहरा आता पुसट झालाय, हाक मात्र नाही.

घडलेलं आहे हे. कुणाला पटत नसेल, तर त्यानं मे महिन्यात, भर दुपारी, चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या त्या सरकारी दवाखान्याच्या गच्चीवर एकट्यानं उभं राहून दाखवावं.

रेवाचे बाबा, वसंतराव, त्याच दवाखान्यात कंपाउंडर होते. मागच्या क्वार्टर्समध्ये ती वाढली. आत्या त्यांच्याकडेच असायची. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालायची आणि कावळ्यांना ओवीतून दटावायची...

*ऊन तापे माथ्यावरी, वाळवण राखिते बाई*
*कावळ्या रे काळ्या, तुझा वाटा इथं नाही*

गेल्या मे महिन्यात त्याच गच्चीवर सोलर बसवायचं काम इंजिनिअर रेवाकडे आलं. वर पॅनल, खाली बॅटऱ्या. लाईट गेली की लशींचा फ्रीज त्या बॅटऱ्यांवर चालायचा होता. तान्ह्या बाळांच्या लशी. तो बंद पडून चालणारच नव्हतं.

पण बॅटऱ्या भरेनात.

ऊन माथ्यावर आलं की जिन्यालगतचं तिसरं पॅनल मंदावायचं. वर सावली पडावी तसं. त्याच्यापाठोपाठ सगळी ओळ ढेपाळायची.

पॅनल बदललं. वायरी बदलल्या. पुन्हा तेच.

"अक्का, पॅनल चांगलंय. जागाच आळशी आहे!" तिचा फिटर वेंकट हसला.

मग हसता हसता त्यानं तिसऱ्या पॅनलकडे बोट केलं.

"एक बघितलंत? कावळे सगळी पॅनलं घाण करतात. रोज धुतोय मी. हे मात्र..."

तिसरं पॅनल लख्ख होतं. सगळ्यांत स्वच्छ. आणि वीज सगळ्यांत कमी.

दुसऱ्या दिवशी वेंकट जेवायला खाली गेला. रेवा मीटर धरून वरच थांबली. आभाळात बोटभर ढग नव्हता.

आकडा घसरू लागला...

जवळ झाड नाही. तार नाही. पाखरू नाही.

तिनं काचेवर हात टेकला. चटका बसायला हवा होता.

काच गार होती.

हात बाजूला सरकवला. पोळला. परत आत आणला... गार. ती त्या गारव्याची कड चाचपत गेली. मुडपलेले गुडघे. वाकलेली पाठ. पदर घेतलेलं डोकं...

बसलेल्या बाईची सावली असावी, तेवढाच गारवा.

एक कावळा तिथं उतरू लागला.

"हाऽऽश्!"

तो फडफडत उडाला. रेवाचे ओठ मिटलेलेच होते.

आणि मग, अगदी कानाशी...

"रेवाऽऽ..."

जिना कसा उतरली, ते तिला आजही सांगता येत नाही.

संध्याकाळी घरी तिनं बाबांपुढे चहा ठेवला.

"बाबा, आत्या कशानं गेली?"

"किती वेळा सांगू? साताऱ्याला गेली होती. तिथं तापानं."

"गच्चीवर जिन्यापाशी एक पॅनल आहे. त्याच्यावर कावळा बसत नाही."

बाबांनी उचललेला कप परत बशीत ठेवला.

"साताऱ्याला ती गेलीच नाही. तिथंच, कुरडया राखत... मी ड्युटीवरून वर गेलो, तर तशीच बसलेली. एवढ्या उन्हात अंग गार. आणि एकाही कुरडईला चोच लागलेली नव्हती."

"आणि पाणी, बाबा? तिनं मला..."

"तू जिन्यात झोपली होतीस. तांब्या मांडीत घेऊन. पोरीला जन्माचा बोल लागेल, म्हणून साताऱ्याचं सांगत आलो."

बाबांनी डोळे पुसले.

"दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तिचं जे जे राहिलं असेल, ते सगळं मी हात जोडून कबूल केलं. शिवला नाही. 'रेवा पाणी घेऊन येईल', एवढं मात्र चार माणसांत माझ्या तोंडून निघालं नाही गं."