म्होरकीची पिशवी

आमचं घर घाटनांदूरच्या रेल्वे फाटकाजवळ आहे. निवृत्तीनंतर मी विणकाम सुरू केलं, पण दुकानातल्या रंगीत लोकरीनं नाही. फाटकाअलीकडच्या माळावर म्हाळूची मेंढरं बसतात. त्याची बायको कडूबाई मला काळी-पांढरी लोकर आणून देते. मी ती धुते, पिंजते, चातीवर कातते. नोकरीत असताना मी मेंढीच्या केसाची रचना फळ्यावर काढायची. आता तोच केस बोटांतून जातो आणि दिवस मजेत जातो.

म्हाळूची मुलगी मोहिनी माझी विद्यार्थिनी. बारावी सायन्सला चांगले गुण मिळाल्यावर तिनं घरी सांगितलं की मी मेंढरं राखणार. कडूबाई हसत सुटली. मला म्हणाली, प्राणिशास्त्र शिकवलंत तुम्ही, आता भोगा. म्हाळूला मात्र हसू आलं नाही. त्याचे गुडघे गेलेले. कळप विकायचं त्यानं मनात पक्कं केलं होतं, युसूफ वडगावचा एक व्यापारी येऊन बघूनही गेला होता.

अडचण मेंढरांचीच होती. कळपाच्या पुढं चालणारी एक मेंढी असते, तिला हे लोक म्होरकी म्हणतात. ती उठली की सगळी उठतात, ती बसली की बसतात. म्हाळूची म्होरकी काळीभोर होती, म्हातारी, एका कानाला चीर पडलेली. ती दिवाळीत मेली. तेव्हापासून मोहिनी कळप घेऊन फाटकापाशी आली की कळप फुटायचा. काही मेंढरं रुळांवर, काही कुणाच्या तरी हरभऱ्यात. शेवटी बापलेकीचं ठरलं. येत्या रविवारी मोहिनीनं काठी न उगारता कळप फाटकापलीकडं तळ्यापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा. जमलं तर कळप तिचा. नाही जमलं तर व्यापाऱ्याचा टेम्पो माळावर उभा असणारच होता.

मी तिला मिठाची पिशवी विणून द्यायचं ठरवलं. मेंढरं मिठाच्या वासानं मागे येतात, इतका साधा विचार होता. तोंडाला ओढायची दोरी, अंगावर काळ्या-पांढऱ्या पायऱ्यांची नक्षी आणि मीठ पाझरू नये म्हणून चामड्याचा तळ.

तळ कडूबाईनंच आणला. हरिबा चांभारानं कमावलेल्या कातड्याचा गोल तुकडा, कडेनं बारीक भोकं पाडलेली. सोबत फडक्यात बांधलेली काळी लोकर होती. दोन्ही म्होरकीचं होतं. मेलेल्या म्होरकीची शेवटची कातरणी त्यांच्या घरात बाजाराच्या पोत्यात घालत नाहीत, बाजूला ठेवतात.

पांढरी लोकर म्होरकीच्या मुलीची, कळपात फिरत असलेल्या मेंढीची, आहे असं मी म्हणाले तेव्हा कडूबाईचा हात थांबला.

"मेलेलीची आन् जितीची लोकर एका ओळीत घालत न्हाईत, बाई."

मी तिला वीण दाखवली. या नक्षीत एका ओळीला एकच रंग असतो. काळ्या ओळी झाल्या की पांढऱ्या, मग पुन्हा काळ्या. दोन्ही धागे एका ओळीत कधी विणायचे नसतात. कडूबाईला ते पटलं. पण मला अर्धवट सांगणं जमत नाही. मी म्हणाले, नक्षी उमटते ती मात्र न विणलेल्या टाक्यांनी. पांढरी ओळ विणताना खालचा एखादा काळा टाका न विणता तसाच दुसऱ्या सुईवर घ्यायचा. म्हणजे तो खालच्या ओळीतला टाका जित्या ओळीत चढतो.

कडूबाईनं सुईवरच्या टाक्यावरून बोट फिरवलं. मग पदरानं तोंड पुसून हसली.

"चढू द्या. तिला बी लेकीपाशी यायचं आसंल."

तळाच्या भोकांतून टाके उचलून मी चार सुयांवर गोल विणायला लागले. इतकं सुखाचं काम मी फार दिवसांत केलं नव्हतं. काळी लोकर खरखरीत असते म्हणतात, ही बोटांना आपणहून वळण देत होती. तळ मांडीवर कोमट लागायचा. चामडं उष्णता धरून ठेवतं, आणि मांडी माझीच होती, म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

एक दिवस दुपारी विणत बसले असताना बाहेर खुरांचा आवाज आला आणि थांबला. म्हाळूचा कळप आमच्या कुंपणाशी उभा होता. सगळ्यांची तोंडं माझ्या खिडकीकडे. म्हाळू मागून ओरडत होता, एकही हलत नव्हतं. मी सुया खाली ठेवून पाणी प्यायला उठले, तशी मेंढरं चालू लागली. लोकरीचा वास, असं मी मनाशी म्हटलं. ती लोकर मी रिठ्याच्या पाण्यात दोनदा धुतली होती.

रविवारी टेम्पो वेळेवर आला. व्यापारी चहा पीत बसला. कडूबाईनं भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता, जणू आम्ही सहलीला निघालो होतो. मोहिनीनं पिशवी खांद्याला अडकवली, माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि पाठ करून चालायला लागली.

मेंढरं उठली. एकामागोमाग एक, शाळेतल्या रांगेसारखी, ती फाटकातून गेली. एकानंही रुळाकडे तोंड वळवलं नाही. कडूबाई तोंडावर हात ठेवून हसत होती, मलाही हसू आवरेना.

तळ्यापाशी म्हाळूनं मोहिनीला थांबवलं.

"मिठावर तर कुणाच्या बी मागं येत्याल. मीठ काढ."

मोहिनीनं पिशवी उलटी केली. मीठ एका दगडावर पडलं. तिनं आतली बाजू बाहेर काढून झटकून दाखवली.

"आता चल," म्हाळू म्हणाला.

ती चालली. मेंढरं मीठ तुडवत तिच्या मागे गेली. जिभेनं एकानंही चाटलं नाही.

परत माळावर आल्यावर मोहिनी दमली होती. तिनं पिशवी बाभळीच्या फांदीला अडकवली आणि पाणी प्यायला आमच्याकडे आली. कळप तिच्या मागे आला नाही.

तो बाभळीभोवती उभा राहिला.

वारा पडलेला होता. पिशवी किंचित हलली, फांदीवरून घसरली आणि खाली गवतावर तळ टेकून बसली. कलंडली नाही.

मग सगळी मेंढरं एकदम बसली.

म्हाळू एका दगडावर टेकला. त्यानं पटका काढून गुडघ्यावर ठेवला.

"म्होरकी बसल्याबिगर ती कदी बसत नव्हती," तो म्हणाला आणि व्यापाऱ्याकडे वळला. "टेम्पो न्या तुमी. लेकीची हायेत ही मेंढरं."

त्या दिवशीची भाकरी आम्ही माळावरच खाल्ली. म्हाळूनं लेकीला मेंढरासारखं बें-बें करून चिडवलं, लेकीनं त्याला तसंच उत्तर दिलं, आणि कडूबाईनं दोघांनाही शिव्या दिल्या. मोहिनी आता गावातली सगळ्यात खूश मुलगी आहे. तिचा कळप वाढला आहे, फाटकावरचा माणूस तिला हात करतो.

कातरणीच्या दिवसांत ती पिशवी घेऊन माझ्याकडे आली.

"मॅडम, नक्षी दिसंना झालीय."

पिशवीवर लव आली होती. वापरून लोकर फुलते, हे मी तिला समजावू लागले आणि मधेच थांबले. फुललेली लोकर आखूड असते. ही बोटाच्या पेराएवढी लांब होती. आणि फक्त काळीच. पांढऱ्या टाक्यांवर काही नव्हतं.

मी कात्री घेतली. मोहिनीनं पिशवी मांडीवर आडवी धरली, मेंढी धरतात तशी, एक हात तळाखाली. खालून नक्षी पुन्हा स्वच्छ निघाली. मोहिनीला आनंद झाला. "आता बरं वाटंल तिला," ती म्हणाली आणि तिला उशीर होत होता म्हणून गेली.

केस म्हणजे मृत पेशी. कापलेला केस वाढत नाही.

कपाटात माझा जुना सूक्ष्मदर्शक आहे. मी विणायला घेतलेली लोकर कातरलेली होती. मोठ्या मेंढीचा प्रत्येक केस एका टोकाला मागच्या कातरणीत आणि दुसऱ्या टोकाला या कातरणीत कापलेला, म्हणजे दोन्हीकडे बोथट असतो. काचेखाली ठेवलेला हा केस एका टोकाला माझ्या कात्रीनं कापलेला होता. दुसरं टोक निमुळतं होत होत संपत होतं. असं टोक फक्त कधीच न कातरलेल्या, नुकत्या जन्मलेल्या कोकराच्या लोकरीला असतं.

मोहिनीला मी हे सांगितलेलं नाही. ती सुखात आहे.

उरलेला काळा गुंडा अजून माझ्या टोपलीत आहे. घरात तराजू आहे, पण गुंडा मी तोलून बघितलेला नाही. टोपलीचं झाकण मात्र आता थोडं उघडं ठेवते, आत हवा जावी म्हणून.